लॅमिनेट केलेला फौजी

आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी मंडळाने एका नाईकाला तीस वर्षांत सुभेदार करून दाखवलं. सैन्याला जे जमलं नाही ते आम्ही दर पंधरा ऑगस्टला पोहे खाता खाता केलं. पहिली बढती मी दिली, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसायला नको.

तो नाईक म्हणजे माझे भाऊजी. सख्खे नव्हेत. शेजारच्या घरातली ताई, जिने मला सायकल शिकवली आणि जिची जुनी पुस्तकं वापरून मी मॅट्रिक झाले, तिचा नवरा. ताई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं आणि अमरावतीपासून गोंदियापर्यंतचे नातेवाईक मुलांचे फोटो पाठवून थकले होते. अशात तिच्या वॉर्डात एक बुटका, गोरा, बारीक डोळ्यांचा माणूस पायाची जखम घेऊन आला. फौजेतून निवृत्त होऊन बीरगावकडच्या एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला लागला होता. उजव्या पायाची दोन बोटं आधीपासूनच नव्हती, आणि त्याच जागी बूट लागून जखम चिघळली होती. ताईने पंधरा दिवस पट्टी केली. सोळाव्या दिवशी तिने घरी सांगितलं की आता फोटो मागवणं बंद करा.

मुलगा नेपाळचा, कुठल्याशा डोंगरातल्या गावचा, हे कळल्यावर ताईच्या आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजी स्वतः आले, विचारपूस न करता थेट स्वयंपाकघरात गेले, डाळभात शिजवला आणि त्या माउलीला वाढला. तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." लग्न ठरलं ते असं.

मराठी ते ताईच्या घरातच शिकले, म्हणजे आमच्याकडची नागपुरी वळणाची. मले, तुले, काहून हे सगळं त्यांच्या तोंडात असं बसलं की पाठमोरं ऐकलं तर कोणीही म्हणावं, माणूस गोंदियाचा. आमच्या मंडळात मराठीच्या भवितव्यावर दरवर्षी परिसंवाद होतो. त्यात टेबलावर मूठ आपटणाऱ्यांच्या घरची पोट्टी "हाँ पापा, आ रहा हूँ" म्हणून उत्तर देतात. माझा मुलगाही त्यातलाच, उगाच दुसऱ्यांवर कशाला ढकलू. आणि हा डोंगर उतरून आलेला माणूस आमच्या पोरांना रस्त्यात अडवून म्हणायचा, "काहून रे, मराठी बोलाले लाज येते का तुले?" पोट्टी हसायची आणि हिंदीत सॉरी म्हणायची.

मे महिन्यात मात्र त्यांचं सगळं फौजीपण वितळून जायचं. डोक्यावर ओला गमछा टाकून कूलरच्या तोंडाशी बसायचे आणि मला म्हणायचे, "बहनजी, हे गाव आहे का भट्टी?" मी सरकारी शाळेत हिंदी शिकवायची, म्हणून त्यांच्या लेखी मी कायम बहनजी. "मग जा ना तुमच्या बर्फात," मी म्हणायची. एका वर्षी खरंच गेले. आई-वडील कधीच वारले होते, भाऊ घर विकून काठमांडूकडे गेला होता. आठ दिवसांत परत आले. "पहाड मी ओळखला," म्हणाले, "पहाडानं मले नाही ओळखलं." त्यानंतर रायपूरच्या उन्हाबद्दल ते बरेच नरमाईने बोलायला लागले.

त्यांच्या वागण्यात एक वेगळीच रीत होती. कोणाच्या पाठीमागून ते कधीही यायचे नाहीत. दहा पावलांवरूनच "हो, हो, हो" असा हळू आवाज करत यायचे आणि मग आपल्या डाव्या खांद्याशी उभं राहून बोलायचे. शर्टाच्या खिशात नेहमी भाजलेले चणे. कोणी भेटलं की तळहातावर घेऊन पुढे करायचे, हात अगदी पाटासारखा सपाट, अंगठा आत घेतलेला. लहान मूल असो की मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांना तसेच. कोणी तापलेलं असलं तर समजूत घालायच्या फंदात पडायचे नाहीत. शेजारी उभे राहायचे, खांद्यावर दोनदा थोपटायचे आणि वाट बघायचे. मला हा सगळा फार उच्च दर्जाचा फौजी शिष्टाचार वाटायचा. मुलाला सांगायची, बघ, शिक काही.

आता त्या बढतीचं.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली असतील. मंडळाच्या झेंडावंदनाला कोणी पाहुणा मिळेना, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, आपल्या फौजींनाच बोलावू, एकाहत्तरच्या लढाईत होते म्हणतात. परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी शुद्ध, असा माझा आणि फक्त माझाच समज होता. मी वही घेऊन भाऊजींकडे गेले.

"लढाईत तुम्ही काय केलं?"

"मी काही लढलो नाही जी. खच्चर सांभाळत होतो. वरच्या चौकीले सामान पोचवत होतो."

मी वहीत खच्चर लिहिलं आणि त्याकडे बघत बसले. माईकवरून खच्चर? स्वातंत्र्यदिनी? मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, अश्वदळ. बघा, किती बरं वाटलं. अश्वदळ म्हटल्यावर नाईक शोभेना, म्हणून हवालदार केला. ही माझी करणी. पुढच्या वर्षी अध्यक्षांना वाटलं की अश्वदळ आहे तर घोडा कुठे, म्हणून "तोफांच्या माऱ्यात घोडा फेकणारे" आलं. नंतर कधीतरी तलवार आली. एकोणीसशे एकाहत्तर साली तलवार घेऊन कोण कुठे चाललं होतं, हे विचारायचं एकाही सुशिक्षिताला सुचलं नाही. शेवटी ते सुभेदार झाले तेव्हा टाळ्या जरा जास्तच पडल्या.

परिचय संपला की भाऊजी उठायचे, कोटावरचं एकुलतं एक पदक सरळ करायचे आणि माईकवर तेच एक वाक्य म्हणायचे. "मी काही लढलो नाही जी. खच्चर होतं माझ्यापाशी, ते होतं बहादूर." झालं, सभागृह डोक्यावर घ्यायचे लोक. काय हा विनय! एवढा मोठा माणूस आणि जमिनीवर पाय! बायका डोळे टिपायच्या. तो माणूस जितकं खरं सांगायचा तितका आम्ही त्याला आणखी थोर करायचो, आणि पुढच्या वर्षीच्या परिचयात "विनयशील" हा शब्द वाढायचा.

एका पंधरा ऑगस्टला पावसाचे थेंब पडून कागदाची शाई पसरली. तेव्हा सचिवांनी परिचय टाईप करून चक्क लॅमिनेट करून आणला. त्यामुळे फार सोय झाली. दरवर्षी भाऊजी मला म्हणायचे, "बहनजी, ते घोडा-तलवार काढा ना," आणि मी म्हणायची, "आता लॅमिनेट झालंय भाऊजी, त्यावर पेन चालत नाही." मी हसायची. तेही हसायचे. मला वाटायचं ही आमची मेव्हणी-भाऊजींची थट्टा चालली आहे.

गेल्या जूनमध्ये त्यांच्या छातीने असहकार पुकारला. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी मुगाची खिचडी घेऊन गेले तेव्हा ताई औषधं आणायला खाली गेली होती. नाकात नळी होती, पण डोळे नेहमीसारखे हसरे.

"बहनजी, एक काम होतं," ते म्हणाले.

"बोला."

"पंधरा ऑगस्टले तुम्ही वाचता ना माझं, ते खरं वाचा. एक डाव. मग मी मेलो तरी चालते."

"असं काहून बोलता?" मी दटावलं. "आणि एवढं काय आहे त्यात? लोकांना आवडतं."

"माझं नाही म्हणून राहिलो. तिचं म्हणतो."

मग थांबत थांबत, मध्ये खोकत, त्यांनी मला जे सांगितलं ते तीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"भरतीले गेलो तर छाती कमी भरली. रायफल नाही भेटली. साहेब म्हणे, खच्चर सांभाळशील का? मी म्हटलं, घरी बकऱ्या सांभाळल्या. तर ती भेटली. नाव नव्हतं तिले. खुरावर नंबर डागला होता, एकशे चौदा. लढाईच्या टायमाले वरच्या चौकीचं पाणी, राशन, गोळ्या, सगळं तिच्या पाठीवर. एक दिवस दुपारी रस्त्यावर तोफेचा गोळा पडला. बाकीचे खच्चर दोर तोडून पळाले. मी खड्ड्यात, पाय दगडाखाली, बर्फात. ती नाही गेली. पाठीवर तेवढं ओझं, अन् उभी. बाजूले गोळे पडून राहिले अन् ती उभी. कसा तरी पाय निघाला तर चालता येईना, डोळ्यानं दिसेना. मी तिची शेपटी धरली. ती चालली, मी मागं घसरत घसरत. खाली आलो तर सूर्य बुडून राहिला होता. रस्ता मी नाही दाखवला, बहनजी. तिनं आणलं मले."

त्यांनी पाणी मागितलं. मी चमच्याने दिलं.

"मेडल मले भेटलं. सगळ्यायलेच भेटलं होतं ते. तिले काय भेटलं? दोन-तीन वर्षानं मी सुट्टीवर गेलो. वापस आलो, तर तिच्या खुंट्याले दुसरी बांधली होती. म्हातारं खच्चर फौज ठेवत नाही." त्यांनी नाकातली नळी नीट केली. "इतके वर्ष झाले, दुनियेत कोणी एक डाव तिचं नाव नाही घेतलं. मी घेतो तर लोक टाळ्या वाजवतात. तुम्ही घ्या. तुमचं लोक खरं मानतात."

मला रडू यायला हवं होतं. आधी राग आला, आणि तो माझ्याच त्या अश्वदळाचा. मग खिचडीचा डबा बंद करता करता एकदम लख्ख उजेड पडला. पाठीमागून न येणं, दुरूनच आवाज देणं, डाव्या खांद्याशी उभं राहणं, सपाट हातावरचे चणे.

"भाऊजी," मी म्हटलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हा सगळ्यांना खच्चरासारखं वागवत होता?"

ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि नर्स धावत येऊन मला रागावली. ती गेल्यावर डोळे पुसत म्हणाले, "हव. पण चांगल्या खच्चरासारखं."

मी घरी येऊन त्याच दिवशी नवा परिचय लिहिला. एका कागदावर, साध्या भाषेत, अलंकाराविना. दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली आणि मी ती मुकाट्याने केली, जे मी कोणासाठी करत नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "पंधरा ऑगस्टला," मी म्हटलं. "हव," ते म्हणाले.

आणि पंधरा ऑगस्टला मी तो वाचला नाही.

हे लिहायला मला सोपं जात नाही. त्या वर्षी मंडळाला प्रथमच एक बडे अधिकारी पाहुणे म्हणून मिळाले होते. अध्यक्षांनी नवीन सफारी शिवली होती. टेबलावर लॅमिनेट केलेला परिचय पुसूनबिसून ठेवला होता. पहिल्या रांगेत भाऊजी, वॉकर बाजूला, इस्त्रीचा कोट, पदक. मी माईकशी गेले, पर्सची चेन निम्मी उघडली, आणि वाटलं, एवढ्या मोठ्या माणसासमोर खच्चर म्हणायचं? लोक हसतील. कोणाला हसतील, त्यांना की मला, हे मी स्वतःला विचारलं नाही. उत्तर माहीत होतं म्हणून विचारलं नाही. मी चेन बंद केली आणि टेबलावरचा कागद उचलला. घोडा फेकला, तलवार उपसली, सुभेदार साहेबांना टाळ्या मिळवून दिल्या.

भाऊजी नेहमीप्रमाणे उठले. वॉकर धरून उभे राहायला वेळ लागला. पदक सरळ केलं, सलाम केला. लोक त्यांच्या त्या विनयी वाक्याची वाट बघत होते, टाळ्यांसाठी हात तयार होते. ते काही बोलले नाहीत. सलाम उतरवला आणि खाली बसले.

नंतर पोह्यांच्या गर्दीत मी त्यांना गाठलं. "सव्वीस जानेवारीला नक्की, भाऊजी. आज जरा पाहुणे होते ना." त्यांनी खिशातून चणे काढून माझ्यापुढे धरले. "हव," म्हणाले. मी चणे घेतले, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यानंतर महिनाभर त्यांच्या घरी जायला मला काही ना काही कामं निघत राहिली.

डिसेंबरात एका सकाळी गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसले असताना ते गेले. ताई चहा घेऊन वर आली तेव्हा बोलावलं तर उठले नाहीत. तिने नाडी बघितली, चहा खाली ठेवला आणि आम्हाला हाक मारली. मूलबाळ नव्हतं. अग्नी ताईनेच दिला. कोणी काही म्हणायच्या आत तिने सांगितलं की पाय तिनेच बरा केला होता, बाकीचंही तीच बघेल.

तेरवीनंतरच्या रविवारी मंडळात शोकसभा झाली. फोटोला हार, समोर उदबत्ती, आणि टेबलावर तोच लॅमिनेट केलेला कागद. अध्यक्षांनी सुरुवातीच्या भाषणात भाऊजींना आणखी एक बढती दिली. माणूस गेल्यावर अडवणारं कोणी राहत नाही. मग मला बोलावलं.

मी पर्स उघडली. कागदाच्या घड्या इतक्या महिन्यांत मळल्या होत्या. मी वाचलं की आमचे भाऊजी सुभेदार नव्हते, नाईक होते. त्यांच्या हातात तलवार कधीच नव्हती, लगाम होता. खच्चराचा. पोरांच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि आख्खी रांग हसायला लागली. मी थांबले, त्यांना पुरतं हसू दिलं आणि पुढे वाचलं. तो दगड, तो बर्फ, ती शेपटी, तो बुडता सूर्य. एकशे चौदा हा आकडा मी तीनदा म्हटला. कागदावर एकदाच होता. ते सगळं वाचून झाल्यावर मी सांगितलं की हे त्यांनी आपल्याला दरवर्षी सांगितलं होतं, आणि आपण दरवर्षी टाळ्या वाजवल्या. खोटं पहिल्यांदा मी लिहिलं. ऑगस्टमध्ये खरं माझ्या पर्समध्ये होतं आणि मी ते काढलं नाही.

अध्यक्ष चहाची खूण करायला लागले होते. मी म्हटलं, "अजून दोन मिनिटं. मघाशी आपण भाऊजींसाठी उभे राहिलो. आता एकशे चौदासाठी उभे राहू."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. शाळेत छत्तीस वर्षं घालवलेल्या बाईचा आवाज कामी आला. खुर्च्या सरकल्या. तात्यापाऱ्यातले सगळे प्रतिष्ठित लोक, वकील, डॉक्टर, नव्या सफारीतले अध्यक्ष, एका खच्चरासाठी माना खाली घालून दोन मिनिटं उभे राहिले. भाऊजींना हे फार आवडलं असतं. पुढे कितीतरी दिवस त्यांनी अध्यक्षांना त्यावरून छळलं असतं.

चहाच्या वेळी अध्यक्ष जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, काय सुंदर रूपक वापरलंत! खच्चर! म्हणजे आपला सामान्य माणूसच की." मी चहाचा मोठा घोट घेतला. उत्तर दिलं असतं तर मंडळातून नाव कमी झालं असतं.

ताई कुठे दिसेना. मी शोधत असतानाच दुरून हलकेच "हो, हो" असा आवाज आला, आणि ती माझ्या डाव्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

"ताई, उशीर झाला गं," मी म्हटलं.

"झाला," ती म्हणाली. ताईने आयुष्यात कोणत्याही पेशंटला खोटा दिलासा दिला नाही. "ऑगस्टमधी मी लय चिडली होती तुझ्यावर. घरी येऊन म्हटलं, हिच्या पर्समधी कागद होता, मी पाहिला, अन् हिनं काढला नाही. आता बोलतच नाही हिच्याशी. तर ते काय म्हणे, माहीत आहे?"

"काय?" मी विचारलं.

"म्हणे, चिडू नको. ती अडली आहे. अडलेल्या खच्चराले मारत नाही, ओढत भी नाही. बाजूले उभं राहाचं फक्त. चालते ते आपल्या टायमावर."

तिने पिशवीत हात घातला आणि माझ्यापुढे धरला. तळहात सपाट, अंगठा आत. त्यावर चणे होते.

मी तिथेच उभी राहून सगळे खाल्ले.